ठासणीची कारखानी रायफल: नेम किती, किंमत किती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सांगली-साताऱ्याकडून या विषयावर प्रश्न येतात ते दोन तऱ्हेचे. एक, मुलगा किंवा भाचा अमेरिकेत गेला, तिथं त्यानं हौसेनं ठासणीची रायफल घेतली आणि आता फोटो पाठवून "मामा, ही बरी आहे का?" असं विचारतोय. दुसरे प्रश्न शिराळा, पाटण, जावळीकडचे. त्यांच्या घरात पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. दोघांना एकाच पानावर घेतलंय, कारण गोंधळ होतो तो बहुतेक वेळा एकीचा हिशोब दुसरीला लावल्यामुळं.

कारखानी ठासणीची रायफल म्हणजे नेमकी कोणती?

तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, पण नळीला आतून आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा) असलेली आणि यंत्रावर शेकड्यांनी तयार झालेली. एका कारागिरानं महिनोन्महिने बसून घडवलेली नव्हे.

अमेरिकेत या मालाला खरी गिऱ्हाइकी आली ती १९७० साली, थॉम्पसन सेंटर कंपनीनं 'हॉकन' नावाची रायफल बाजारात आणल्यावर. सेंट लुईसच्या हॉकन बंधूंच्या जुन्या रायफलीचं नाव घेतलं, रूप मात्र बऱ्यापैकी स्वतःचं दिलं. पाठोपाठ सीव्हीए, लायमन, ट्रॅडिशन्स या कंपन्या आल्या. यातला पुष्कळ माल स्पेन आणि इटलीत बनतो, शिक्का अमेरिकन कंपनीचा असतो. जुन्या नमुन्यांच्या हुबेहूब प्रती हव्या असतील तर इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोम्पियाची पेडरसोली. ही कंपनी १९५७ पासूनची.

एवढ्या जुन्या पद्धतीच्या बंदुकीला नेम असतो तरी का?

असतो, आणि लोकांना वाटतो त्याहून कितीतरी जास्त असतो.

किर्लोस्करवाडीत किंवा मिरजेच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ज्यानं लेथवर काम केलंय, त्याला स्क्रूवरचे व्हिटवर्थचे आटे सांगायला नकोत. तोच जोसेफ व्हिटवर्थ. त्यानं ठासणीची एक रायफल बनवली. नळीचं भोक गोल नाही, षटकोनी, आणि ०.४५१ इंचाचं. १८६० साली विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचं उद्घाटन झालं तेव्हा ही रायफल घडवंचीवर घट्ट बसवून ४०० यार्डांवर रोखून ठेवली होती. राणी व्हिक्टोरियानं दोरी ओढली आणि गोळी मध्यबिंदूपासून जेमतेम दीड इंचाच्या आत लागली. काडतुसाच्या रायफली सैन्यात सर्रास व्हायच्या आधीची ही गोष्ट आहे.

आजचं बघायचं तर ठासणीच्या हत्यारांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरतात. नियम असा, की अर्ध्या तासात १३ बार काढायचे आणि त्यातले उत्तम १० धरायचे. अस्सल जुनी हत्यारं आणि नव्या प्रती यांचे गट वेगळे. १०० मीटरच्या स्पर्धेचं नावच 'व्हिटवर्थ', आणि तिथल्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ अवघं ५० मिलिमीटरचं. अशा ठिकाणी कारखान्यात बनलेल्या प्रती घेऊन उतरणारे नेमबाज शंभरातले ९५ च्या पुढचे गुण काढतात. तेव्हा "कारखान्याची आहे म्हणून लागत नाही" ही तक्रार मी फारशी मनावर घेत नाही. नाचता येईना अंगण वाकडे.

अर्थात घरी आणलेली साधी हॉकन म्हणजे स्पर्धेची रायफल नव्हे. पन्नास कॅलिबरची (म्हणजे अर्ध्या इंचाच्या भोकाची), गोल गोळीची, बरी जमवलेली कारखानी रायफल टेकूवरून ५० यार्डांवर दोन-अडीच इंचांत बार ठेवते. तेवढं ती करत असेल तर तिच्यात खोट काढू नये. १०० यार्डांवर मात्र चित्र बदलतं. गोल गोळी हवेला फार अडते. तिथं पोचेतो तिचा वेग चाळीस टक्क्यांच्या आसपास घटलेला असतो आणि जोराचा आडवा वारा तिला वीतभर सहज सरकवतो. हा दोष कारखान्याचा नाही. लाखभर रुपये जास्त मोजून हातानं घडवलेली नळी घेतली तरी गोळी गोलच राहणार.

मग आमच्या भाच्याची रायफल ताटाएवढ्या जागेत गोळ्या का विखुरते? नळी खराब आहे का?

नळी बहुधा ठीक असते. आधी दोन गोष्टी विचारा: आट्यांचा पीळ किती, आणि गोळी कसली.

नळीवर किंवा पुस्तिकेत १:४८ किंवा १:६० असं काहीतरी लिहिलेलं असतं. गोळी नळीतून जाताना किती इंचांत एक पूर्ण फेरी घेते, ते हे माप. गोल गोळीला सावकाश पीळ पुरतो. लांब गोळी डळमळू नये म्हणून तिला जलद पीळ लागतो. वुलिचच्या ग्रीनहिल नावाच्या प्राध्यापकानं १८७९ साली यासाठी एक सोपं सूत्र दिलं. ते गोल गोळीला लावलं तर ०.४९० इंचाच्या गोळीसाठी सुमारे ७३ इंचांत एक फेरी पुरेशी ठरते. म्हणून लायमनच्या 'ग्रेट प्लेन्स'ला गोल गोळीसाठी १:६० चा पीळ आणि तिच्याच 'हंटर' भावंडाला लांब गोळीसाठी १:३२. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दुकानदारानं सांगितलं नाही आणि गिऱ्हाइकानं विचारलं नाही, की चुकीची गोळी घेऊन महिनाभर डोकं आपटत बसायचं.

थॉम्पसन सेंटरच्या हॉकनला १:४८ आहे. हा मधला मार्ग. गोल गोळीही चालते, कंपनीची आखूड-जाड लांब गोळीही चालते. या पिळाला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला त्यात दम वाटत नाही. ५० यार्डांवर, माफक दारूवर १:४८ ची नळी गोल गोळी उत्तम मारते. दारू वाढवत नेली की मात्र ती लवकर रुसते, कारण तिचे आटे उथळ असतात आणि पॅचची पकड सुटते.

आणि खरी मेख आहे ती या पॅचमध्येच. गोल गोळी थेट आट्यांना धरत नाही. तिच्याभोवती वंगण लावलेली सुती चिंधी असते, आटे पकडते ती चिंधी. भाच्याला सांगा, बार काढल्यावर लक्ष्याकडं धावू नकोस. आधी पुढं दहा-पंधरा पावलांवर गवतात पडलेला पॅच शोध आणि उलगडून बघ. मधोमध काळसर गोल डाग, कडेला फिकट रेघा, कापड शाबूत, आणखी एकदा वापरता येईल इतपत: सगळं जमलंय. मधे जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे, गोळी सैल बसतेय आणि दारूची आच बाजूनं पुढं निसटतेय. आट्यांच्या रेघांवर ब्लेडनं कापल्यासारख्या चिरा असतील तर नवी नळी अजून आतून धारदार आहे. अशी नळी काही बारांनंतर आपोआप गुळगुळीत होते. घाई असेल तर बारीक पॉलिशच्या चिंधीनं गज फिरवून ती उतरवतात. कापडाच्या सगळ्या चिंध्याच झाल्या असतील तर नळीच्या तोंडाची कड तपासा. तिथं नखाला लागेल एवढी जरी बोच असली तरी ती प्रत्येक पॅच फाडते.

एवढं बघून, पॅचची जाडी इंचाच्या दोन-तीन हजारांश भागानं बदलली तरी ताटाएवढी विखुरण वाटीत येते. पैसे जातात कापडाचे.

"आमच्या आज्याच्या नावावरची ठासणीची हाय, आता माझ्या नावावर केलीया. पन्नास पावलांवर पत्र्याचा डबा लागत न्हाई. नळी बदलून घिऊ का?" (पाटणकडून)

बदलू नका, आणि परवानगीवाचून कुणाकडून बदलून तर मुळीच घेऊ नका.

तुमची बंदूक रायफल नाही. टॉर्च लावून तोंडातून आत बघा, नळी आरशासारखी सपाट दिसेल. इथं पीकसंरक्षणासाठी मिळणाऱ्या एकनळी-दुनळी ठासणीच्या बंदुका आतून अशाच सपाट असतात. त्या छर्ऱ्यासाठी. आट्यांवाचून गोळीला फिरकी मिळत नाही, मग ती कुठल्या बाजूला झुकेल ते तिचं तिला ठाऊक. उत्तम सपाट नळीनं नीट पॅच लावून मारलेली गोळीसुद्धा पन्नास यार्डांवर भाकरीएवढ्या जागेत पडली तरी खूप झालं. त्यात या बंदुकांना मागची साइट नसते, पुढं नुसती माशी. आज्यानं ती आवाजासाठी आणि जवळून छर्ऱ्यासाठी ठेवली होती. त्या कामाला ती आजही चोख आहे.

गारेची (चकमकीच्या ठिणगीनं पेटणारी) घ्यावी की टोपीची (घोडा आपटला की पेटणाऱ्या धातूच्या छोट्या टोपीची)?

नेमाच्या दृष्टीनं टोपीची. घोडा टोपीवर पडला की बार, मधे वेळ जात नाही. गारेच्या लॉकमध्ये, म्हणजे बार पेटवणाऱ्या यंत्रणेत, गार पोलादावर घासते, ठिणगी रंजकात (बाहेरच्या चिमूटभर दारूत) पडते, रंजक पेटतं, मग कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या भोकातून, आच आत जाते. सगळं नीट जमलं तर हे कानाला एकच वाटतं. नाही जमलं तर 'फुस्स' आणि मग 'धडाम', आणि त्या दोघांच्या मधल्या वेळात माणूस दचकून नेम हलवतो.

कारखानी मालाचं दुखणं असेल तर ते इथं आहे. टोपीचं लॉक स्वस्तातलंही चालतं. स्वस्तातलं गारेचं लॉक बहुधा चालत नाही: पोलादावर पाणी नीट चढवलेलं नसतं, कमान कमजोर, गारेचा कोन चुकलेला. गारेची घ्यायचीच असेल तर चार पैसे लॉकवर जास्त घाला, नक्षीकामावर नको. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात नाताळानंतर खास गारेच्या बंदुकांचा हरणाच्या शिकारीचा हंगाम असतो, म्हणून तिथं या मालाला अजून मागणी आहे. बाकी ठिकाणी हौस.

आणि ती काडतुसाच्या रायफलीसारखी दिसणारी, दुर्बीण लावलेली ठासणी?

ती इनलाइन. १९८५ साली टोनी नाइट नावाच्या अमेरिकन बंदूकसाजानं ती लोकप्रिय केली. टोपी बरोबर दारूच्या पाठीमागं, पीळ बहुधा १:२८, प्लॅस्टिकच्या वेष्टणातली लांब गोळी. पैशाच्या तुलनेत नेम बघाल तर हिला तोड नाही. १०० यार्डांवर ती हॉकनला सहज मागं टाकते. मला ती आवडत नाही. पण भाच्याला हरीणच हवं असेल आणि इतिहासाशी देणंघेणं नसेल तर त्यानं तीच घ्यावी.

हातानं घडवलेली रायफल पाच-सहापट महाग का? तेवढी ती चांगली असते का?

नेमात तेवढी नाही, बाकी सगळ्यात हो.

कारखानी हॉकन काहीशे डॉलरांत, पेडरसोलीची चांगली प्रत हजाराच्या पुढं आणि नावाजलेल्या कारागिराची लांब केंटकी रायफल कित्येक हजारांत. पण कारागीरही हल्ली नळी बहुधा तयार विकत घेतो. ती यंत्रावरच कोरलेली असते. म्हणजे नेम ज्या भागातून येतो तो दोन्हीकडं यंत्राचाच. जास्तीचे पैसे जातात ते दस्त्याच्या लाकडाला, लॉकच्या जुळणीला आणि तुमच्या खांद्याच्या, मानेच्या मापाला. कारखानी दस्ता मध्यम चणीच्या अमेरिकन माणसाला धरून कापलेला, आणि तोही गरजेपेक्षा जाड, कारण लाकूड तासायला माणूस लागतो आणि माणूस महाग. आपल्याकडच्या सव्वापाच फुटी माणसाला तो लांब पडतो, गाल नीट टेकत नाही, मग बार वर जातो. हा दोष मात्र खरा आहे आणि दस्ता मागून अर्धा-पाऊण इंच कापला की जातो.

पुढं विकायची झाली तर किंमत येते का?

रोजच्या उत्पादनातली असेल तर दुकानाबाहेर पडल्याक्षणी उतरते. जी बंद पडली तिचा भाव चढतो, पण तोही बेताचाच. थॉम्पसन सेंटर २००७ साली स्मिथ अँड वेसननं घेतली आणि २०२१ साली विकायला काढली. त्या काळात जुन्या हॉकनला गिऱ्हाईक वाढलं. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीनं काढलेल्या १८५३ च्या एनफिल्डच्या (ब्रिटिश सैन्याच्या ठासणीच्या रायफलीच्या) प्रती त्याच नमुन्याच्या नंतरच्या इटालियन प्रतींपेक्षा जास्त भावात जातात. "मर्यादित आवृत्ती" म्हणून सोन्याचा मुलामा देऊन, पेटीत घालून विकलेल्या रायफलींच्या नादी लागू नये. त्या कुणी झाडत नाही म्हणून त्यांचा नेम कुणाला माहीत नसतो, आणि विकायला काढल्या की मुलाम्याचे पैसे कुणी देत नाही.

एक बारीक खूण सांगतो. इटालियन नळीवर प्रूफचा शिक्का असतो, त्यात 'पीएन' ही रोमन अक्षरं म्हणजे काळ्या दारूसाठी तपासलेली. शेजारी चौकटीत वर्षाची दोन अक्षरं असतात. 'एए' म्हणजे १९७५, 'एबी' म्हणजे १९७६, असं पुढं. विकणारा "साठ सालची, दुर्मिळ" म्हणत असेल तर आधी ती चौकट बघा.

तिकडून येताना एखादी आणता येईल का? तिथं तर लायसन्सही लागत नाही म्हणे.

तिथं अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात काळ्या दारूच्या ठासणीच्या हत्यारांना सूट आहे हे खरं. राज्याराज्यांचे नियम निराळे, तेही खरं. पण ती सूट मुंबईच्या विमानतळावर उतरत नाही. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली ठासणीची असो वा काडतुसाची, बाळगायला परवाना आणि बाहेरून आणायलाही परवाना. भाच्याची रायफल भाच्याकडंच राहू द्या. तिकडं गेलात की झाडा.

मग इथं परवाना मिळतो कशासाठी?

याच कायद्याच्या १३ व्या कलमात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं, पोलीस चौकशी होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षं आणि एका माणसाकडं जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रं, वारशानं आलेली धरून. निवडणुका लागल्या की जमा करायचे आदेश निघतात. तेव्हा पावती जपून ठेवा.

परवाना आहे म्हणजे जनावर मारायची मुभा आहे, असं नाही. हे शिराळ्याकडच्या मंडळींना परत परत सांगावं लागतं. रानडुकरानं भुईमूग उकरला तरी वनखात्याची परवानगी आधी. गवा तर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणातला, त्याचा विचारही नको. शिवाय कोयना किंवा सागरेश्वर अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं वनखात्याकडं नाव नोंदवायचं असतं. वन्यजीव कायद्याचं ३४ वं कलम. कित्येकांना ते ऐकूनही माहीत नसतं.

वाड्यात भिंतीवर जुनी तोड्याची (जळत्या वातीनं बार पेटवायची) बंदूक आहे. तिची किंमत काय? अमेरिकेत विकता येईल का?

विकता येणार नाही. शंभर वर्षांवरची असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

परवान्यातून सूट फक्त अशा जुन्या किंवा मोडक्या हत्याराला, जे दुरुस्त करूनही झाडता येणार नाही. तुमचं त्यात बसतं की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्रपरवान्याच्या टेबलावर विचारायचं.

त्याआधी एक काम मात्र आजच करा. ठासणीची बंदूक भरलेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, आणि पूर्वजांनी भरून ठेवलेल्या बंदुका अजून सापडतात. तोंड स्वतःकडं किंवा कुणाकडंही न करता गज हळूच आत सोडा, तोंडाशी बोटानं खूण धरा. मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. त्याचं टोक कानापर्यंत पोचायला हवं. तीन-चार बोटं अलीकडं थांबलं तर आत काहीतरी आहे. मग हात न लावता परवानाधारक बंदूकसाजाला आणि पोलिसांना कळवा.

पावसाळ्यात जपायची कशी?

काळी दारू जळाली की निम्म्याहून जास्त वजन घट्ट राख होऊन मागं उरतं आणि ती राख हवेतलं पाणी ओढते. जतला हिवाळ्यात एक रात्र चालून जाईल. जावळीत जुलै महिन्यात सकाळपर्यंत नळी आतून तांबडी होते. उपाय साधा: बार काढला त्याच दिवशी कोमट पाण्यानं धुवायची, चिंधी पांढरी येईपर्यंत पुसायची, पूर्ण सुकवायची, मग तेल. महागड्या बाटल्यांची गरज नाही. पाण्याला भिऊन नुसतं तेल चोपडणाऱ्यांच्याच नळ्या जास्त सडलेल्या बघितल्यात. पायरोडेक्स (काळ्या दारूऐवजी मिळणारी तयार दारू) वापरत असतील तर आळस अजिबात चालत नाही. ती नळी आणखी जास्त खाते, आणि गारेच्या बंदुकीत नीट पेटतही नाही.

काडतुसातली बिनधुराची दारू थोडीशी घातली तर चालेल?

नाही. थोडीशीसुद्धा नाही. नळी फुटते.

वापरलेली घेताना भाच्यानं काय बघावं?

आधी वरच्यासारखी गज घालून रिकामी असल्याची खात्री. मग स्वच्छ पांढरी चिंधी गजाला लावून तळापर्यंत फिरवायची. तांबडी आली तर गंज, मधेच एके ठिकाणी अडकली तर खड्डा. तोंडाजवळच्या खड्ड्यानं नेम जातो, तळाजवळच्या खड्ड्यात राख अडकून साफसफाई जिवावर येते. तळाजवळचा एखादा असेल तर भाव पाडून घ्यावी, तोंडाजवळचा असेल तर सोडावी. घोडा पूर्ण ओढून अंगठ्यानं ढकलून बघायचा, तो चापाशिवाय सुटता कामा नये. अर्ध्या खाच्यावर (घोडा निम्मा ओढून अडकवल्यावर) चाप दाबला तर सुटता कामा नये. निपल (टोपी जिच्यावर बसते ती छोटी नळी) कधी उघडलीच नसेल तर ती जाम झालेली असते. विकणाऱ्याला समोर उघडून दाखवायला सांगावं. लाकडावरचे ओरखडे बघत बसू नये, त्यावरून घासाघीस करावी. अशा हॉकनचे शंभर-दीडशे डॉलर नुसत्या ओरखड्यांवर सुटलेले आहेत, आणि नळी आतून कोरी करकरीत होती.